कापून नेलेली एअरबॅग

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. ते सगळं डोक्यातून गेलं म्हटलं तरी चालेल. पण सकाळी चहा घेता घेता मला मधेच उठवून अंगणात येरझाऱ्या घालायला लावते ती एकच दुपार, आणि तिच्यात ना कुणी गुंड होता ना दरोडेखोर. येडगावच्या कॅनॉलकडेच्या रस्त्यावर एक छोटी गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली, एवढंच. बायको म्हणते, आता रिटायर झालात, सोडा की. सुटत असतं तर सोडलं नसतं का?

नाव कुणाचंच लिहीत नाही. माणसं त्याच भागात राहतात, बाजारात भेटतात. त्या वेळी मी महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. स्वभाव तापट, हे माझ्या हाताखालचा कोणीही सांगेल.

नवरात्रातली पाचवी माळ होती. दुपारी चारच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि स्टेशन डायरीला नोंद करून मला सांगितलं, कॅनॉलवर अपघात, एक बाई गेली. मी दोन माणसं घेऊन निघालो. गाडीचं नाक कठड्यात घुसलेलं, उजवा दरवाजा बाभळीला चिकटलेला, डावा सताड उघडा. आत सगळीकडे पांढरी पूड उडालेली. डाव्या बाजूला डॅशबोर्डमधून एअरबॅग बाहेर लोंबत होती, रिकाम्या पोत्यासारखी. उजव्या बाजूला मात्र स्टिअरिंगचं झाकण उघडं आणि आत काहीच नाही. कापडाची फक्त झालर शिल्लक होती, धारदार वस्तूने कापलेली.

त्या झालरीपाशीच माझं डोकं अडकलं. अपघातात पिशवी फाटते, मान्य. पण कापली कोणी आणि नेली कुठे?

गाडीत दोघंच होते. नवरा शाळेत शिक्षक, म्हणून त्याला मास्तर म्हणतो. बायको तिशीतली, घर सांभाळणारी. सात वर्षांची एक मुलगी, ती शाळेत होती म्हणून वाचली. बाई दवाखान्यात पोचायच्या आत गेली होती. मास्तरच्या नाकाला पट्टी आणि हातांवर घासल्याचे लाल चट्टे, बाकी माणूस धडधाकट. दवाखान्यातल्या बाकावर बसून त्याने जबाब दिला.

"गाडी ती चालवत होती साहेब. मी शेजारी बसलो होतो. वासरू आडवं आलं, तिनं गाडी वळवली. पुढचं नीट आठवत नाही. कोणीतरी एक बाई होती तिथं, हिचं डोकं धरून."

"कोण बाई?"

"माहीत नाही."

मी मान हलवली आणि लिहून घेतलं. मनात म्हटलं, झालं सुरू. अंगाशी आलं की प्रत्येकाला अशी एक अनोळखी बाई भेटतेच.

दिवस मावळायच्या आत बाईचा थोरला भाऊ आंबेगाव तालुक्यातून आला. सोबत चुलते, मामा, गावचे पाच-पंचवीस लोक. ठाण्याच्या आवारात उभा राहून तो जे बोलला ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"सायब, माज्या बहिणीला सायकल येत न्हवती. सायकल! आन् हा मानूस म्हनतो ती गाडी चालवत व्हती? गनपतीत माहेरी धाडली न्हाई यानं तिला, भांडान झालं व्हतं. मेलेल्या बाईच्या डोक्यावर पाप घालतोय. ह्यानंच मारली तिला. खुनाचं कलम लावा, न्हाईतर आमी हितून हलायचो न्हाई."

मुलीला ते लोक त्याच संध्याकाळी आजोळी घेऊन गेले. भावाने निक्षून सांगितलं, ज्याने आई मारली त्याच्या दारात पोरगी जाणार नाही, आणि दहाव्याला त्याला घाटावर पाय ठेवू देणार नाही. म्हणजे मास्तरपुढे फक्त तुरुंग नव्हता. बायको गेली होती, आता मुलगीही जायच्या बेतात होती, आणि दोन्ही गोष्टी एका प्रश्नावर टांगलेल्या होत्या: गाडी कोण चालवत होतं?

खरं सांगायचं तर माझा कौल भावाच्या बाजूने होता. गावात विचारलं तर तिला गाडी चालवताना पाहिलेला एक माणूस मिळाला नाही. शिकाऊ लायसन्सही काढलेलं नव्हतं. स्टिअरिंगवरची पिशवी गायब, म्हणजे तिच्यावर मास्तरचंच रक्त असणार आणि त्यानेच ती नाहीशी केली, असं गणित मी मांडून टाकलं. डाव्या पिशवीवर रक्ताचा एक डाग होता, तो प्रयोगशाळेकडे पाठवला. पण तो अहवाल यायला महिने लागतात, आणि माझ्या दारात माणसं बसली होती. वरिष्ठांचे रोज दोन फोन. एकच गोष्ट टोचत होती. मास्तरच्या खिशात, गाडीत, झुडपात, कुठेही सुरी नाही, ब्लेड नाही, काही नाही. मग कापली कशाने? जेवताना तेच, अंघोळ करताना तेच. बायकोने दोनदा विचारलं, भाजीत मीठ आहे ना? मला सांगता येईना.

मास्तरला अटक केली नव्हती. सकाळी चौकशीला बोलवायचो, संध्याकाळी सोडायचो. सातव्या माळेला माझा तोल गेला. तो एकच पाढा म्हणत होता, ती चालवत होती, ती चालवत होती. मी विचारलं, "तिला कधीपासून येते गाडी?"

"महिनाभर शिकवत होतो. दुपारी कॅनॉलवर. शाळा सकाळची असते माझी."

"आणि हे गावात कुणालाच माहीत नाही?"

"तिनंच सांगू नका म्हटलं होतं. भाऊबिजेला स्वतः गाडी चालवत दादाच्या दारात जायचं होतं तिला. म्हणायची, दादाचं तोंड कसं होतं ते बघायचंय मला."

मला ते इतकं रचलेलं वाटलं, की मी टेबल ओलांडून त्याची कॉलर धरली. शर्टाचं वरचं बटण तुटलं. आणि मला दिसला तो निळा-काळा पट्टा. डाव्या खांद्यावरून छातीवर तिरपा उतरलेला, तीन बोटं रुंद.

"हे काय आहे?"

"बेल्टचं असेल साहेब. दुसऱ्या दिवशी उमटलं."

मी कॉलर सोडली आणि खुर्चीत बसलो. जिंकलोच होतो. आमच्या भागात बेल्ट लावतो कोण? ड्रायव्हर. तोही नाका दिसला की. शेजारी बसलेला माणूस बेल्ट लावत नाही, मागे बसलेल्याला तर गाडीत बेल्ट असतो हेच ठाऊक नसतं. बाईच्या शवविच्छेदनात बेल्टचा वळ नव्हता, छातीला जबर मार होता. म्हणजे बेल्टवाला मास्तर स्टिअरिंगवर आणि बिनबेल्टची बाई शेजारी. मी हवालदाराला म्हटलं, उद्या अटक दाखवू.

पण गाडीची तांत्रिक तपासणी राहिली होती. पिशवीचा सांगाडा काढायला हात लावायचं धाडस आमच्यात कोणाचं नव्हतं, म्हणून आळे गावचा एक मिस्त्री बोलावला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, पन्नाशीचा, बोलायला फटकळ. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आवारातल्या गाडीत डोकं घालून बसला होता आणि मी बाजूला फेऱ्या मारत होतो.

"सायब, यका जागी उभं ऱ्हावा की. मला गरगराय लागलं."

"तू काम कर. ही पिशवी फुगते कशी, ते सांग."

"ही पिशवी दिसती, पन हाय फटाका. फुडं हितं सेन्सर असतोय. गाडी जोरात धडाकली की ह्या डब्याला कळतं, डबा करंट सोडतो, आतली दारू पेटती, तिचा ग्यास व्हतो आन् पिशवी फुगती. डोळा मिटून उघडायच्या आत. ही पांढरी पूड पिशवीचीच, घडी चिकटू नये म्हनून. आन् मागनं भोकं असत्यात."

"भोकं कशाला?"

"मंग? टनक फुग्यावर आपटलं तर भितीवर आपटल्यासारकंच झालं. मानूस टेकला की भोकातनं हवा जाती, पिशवी मऊ पडती, आन् डोकं हळू थांबतं. डोकं, छाती स्टिअरिंगवर जाऊ द्यायची न्हाई, येवढंच तिचं काम. पन तिला यक अट हाय."

"कोणती?"

"बेल्ट. बेल्ट तुमाला मागं धरून ठिवतो, तवर ती फुगून तयार व्हती. बेल्ट न्हाई, तर तुमी तिच्या आदी फुडं जाता, आन् ती फुगता फुगताच छातीत बसती. तवा ती आईसारकी धरत न्हाई राव, पैलवानासारकी हानती. लोकांना वाटतं एअरबॅग हाय, बेल्ट कशाला! उलटं हाय सगळं. आदी बेल्ट, मंग बॅग."

मी म्हटलं, "म्हणूनच मास्तर वाचला. बेल्ट लावून चालवत होता. वळ आहे त्याच्या खांद्यावर."

"कंच्या खांद्याव?"

"डाव्या."

मिस्त्रीने तोंडातली तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "सायब, रागावनार नसाल तर जरा ह्या शीटवर बसा."

उजवा दरवाजा उघडत नव्हता. मी डावीकडून शिरून, पोट सावरत ड्रायव्हरच्या सीटवर सरकलो. "आता वडा बेल्ट," तो म्हणाला. मी हात मागे नेला. बेल्ट उजवीकडे होता. उजव्या खांद्यावरून आला आणि छातीवरून डाव्या कमरेला गेला. मी तसाच धरून बसलो. ड्रायव्हरच्या डाव्या खांद्याला बेल्ट शिवतच नाही. डाव्या खांद्यावर वळ उठतो तो डावीकडे बसणाऱ्याच्या.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढी साधी गोष्ट या साहेबाला कळू नये? नाही कळली. कारण तोवरच्या सगळ्या नोकरीत मी बेल्ट लावलाच नव्हता. आमच्या सरकारी जीपचे बेल्ट सीटमागे गाठ मारून टाकलेले असायचे, मध्ये येतात म्हणून. ज्याच्यासाठी मी आयुष्यभर पावत्या फाडल्या, तो कुठल्या खांद्यावरून जातो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने ही चूक केली नसती.

मी बेल्टची जीभ खालच्या कुलपात घालायला गेलो, तर ती जाईना. वाकून पाहिलं. कुलपात आधीच काहीतरी बसलेलं होतं. नुसती जीभ, मागे पट्टा नाही. त्या क्लिप मी चांगल्या ओळखत होतो. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर कार्डाला लावून विकतात. कुलपात खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लागला, आणि तो टिंगटिंग आवाज बंद होतो. डाव्या सीटच्या कुलपात तशी काही नव्हती.

"ही बगा तुमची आरोपी," मिस्त्री म्हणाला. तसलीच एक क्लिप माझ्या स्वतःच्या गाडीत होती, वीस पावलांवर, आंब्याच्या सावलीत.

क्लिप पंचांसमक्ष काढून प्लास्टिकच्या पाकिटात सील केली. अटक थांबवली. मास्तरला बोलावलं, पण या खेपेला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. पाकीट समोर ठेवून विचारलं, "ही कोणी लावली?"

आठ प्रश्नांना सरळ डोळ्यात बघून उत्तर देणारा माणूस. या नवव्या प्रश्नाला त्याची मान खाली गेली.

"मी आणली."

"कुठून?"

"आठवत नाही."

खोटं बोलणारा माणूस मला वासावरून कळतो. आतापर्यंत जे मी खोटं समजलो ते खरं होतं, आणि आता जे बोलत होता ते खोटं होतं. पण का? क्लिप बसवणं हा काही खून नव्हे. मी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याला घरी पाठवलं आणि माझ्या येरझाऱ्या परत सुरू झाल्या. नुसत्या खांद्याच्या वळावर भाऊ ऐकणार नव्हता. म्हणाला असता, मास्तरने मार खाऊन आणला वळ. मला ती कापलेली पिशवी हवी होती.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजन असतं. सकाळपासून रायफली पुसून सतरंजीवर मांडलेल्या, जीप धुतलेली, हवालदार झेंडूच्या माळा ओवत बसलेले. मीही बसलो होतो, पण माझ्याच्याने एक फूल दोऱ्यात जाईना. तेवढ्यात वारूळवाडीहून येणारा आमचा एक जुना हवालदार जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सायब, यक कानावर आलंय. खरं-खोटं देव जाने."

"बोल."

"येडगावला माज्या साडूची वस्ती हाय. तितं यक म्हातारी हाय, गवताला जाती. चार दिस झालं अन्न ग्वाड लागंना तिला. म्हनती, सवाष्णीचं कुंकू माज्या घरात आलंय, दसऱ्याला घटाबरुबर पान्यात सोडती. कसलं तरी पांढरं कापड हाय म्हनं."

मी झेंडू टाकून उठलो. "कधी सोडणार?"

"आजच की. दसरा हाय ना."

पूजा राहिली. हार घातलेल्या जीपमध्ये आम्ही दोघं बसलो आणि निघालो. जाताना मी सीटमागची गाठ सोडवायला बघत होतो, पण वर्षानुवर्षांची गाठ, ती सुटेना. हवालदार चोरून माझ्याकडे बघत होता.

म्हातारी दारातच होती. डोक्यावर टोपली, टोपलीत घटाची माती आणि हिरवंगार धन उगवलेलं. पोलिसांची जीप बघून ती मटकन खाली बसली. "म्या काय केलं न्हाई बाबा," म्हणून हात जोडायला लागली. हवालदार तिच्याशेजारी जमिनीवर बसला. मीही बसलो. उभं राहून विचारलं असतं तर तिने जन्मात तोंड उघडलं नसतं.

"आजी, तुम्हाला कोणी काही करणार नाही. एका माणसाची पोरगी परत मिळायचीय. तुम्ही काय पाहिलं, ते सांगा."

थोडा वेळ ती नुसती रडत होती. मग सांगायला लागली. "मी बांधाव गवत कापत व्हते. धाडदिशी आवाज झाला. पळत गेले. त्यो बाप्या दारातनं भाईर पडला आन् तितंच बसला, येड्यावानी. बाई दोनी शीटांव आडवी पडलेली. पांढरं कापड तिच्या हाताला गुरफाटलेलं. तिला वढता यीना. मंग इळ्यानं कापलं."

विळा! ज्या धारेसाठी मी चार दिवस झुडपं तुडवली, ती एका गवताच्या भाऱ्यात खोचलेली होती.

"मी वाकले तवाच दिसलं, कापडाव कुंकू व्हतं. नवरात्राचं, कपाळभर भरलेलं आसंल तिनं. मंग कुंकू आत घातलं, घडी केली आन् तिच्या डोस्क्याखाली दिली. टेम्पू थांबवला. वाटभर डोस्कं मांडीव व्हतं माज्या. दवाखान्यात पांढऱ्या कापडावाले आले, मी भ्याले, आन् त्ये कापड काखेत तसंच घिऊन आले."

"धुतलं नाहीत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच लाज वाटली. "नवरात्रात सवाष्ण गेली. तिचं कुंकू धुवायचं? माज्या हातानं?"

घटाच्या मातीखालून तिने ती घडी काढली. देवीच्या खणात बांधून ठेवली होती. मी पंचांना बोलावून तिथेच उघडली. बाहेरच्या बाजूला वाळलेलं रक्त, मातीचे डाग. आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, कपाळाएवढा लाल ठसा आणि त्याखाली काजळाच्या दोन रेघा. एखादीने उशीत तोंड खुपसावं तसा. ठाण्यात आणून मिस्त्रीने ती कड स्टिअरिंगच्या झालरीला लावून दाखवली. धागा धाग्याला जुळला. बाई गाडी चालवत होती.

म्हातारीला मी सांगितलं, कापड आता कोर्टाचं झालं, देता येणार नाही. तिने मान डोलावली आणि नुसते घट घेऊन पाण्याकडे गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला बोलावलं, एकट्याला. मास्तरलाही बोलावलं आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. भावापुढे एकेक गोष्ट मांडली. खांद्याचा वळ, म्हातारीचा जबाब, पिशवी. पिशवीचा तो ठसा बघितल्यावर त्याने तोंडावर टॉवेल धरला. मी त्याला भाऊबिजेचं सांगितलं. ती कुणाच्या दारात गाडी चालवत येणार होती आणि तिला कुणाचं तोंड बघायचं होतं, ते.

"मला म्हनायची, दादा, मी तुज्या आदी गाडी शिकीन," एवढंच तो बोलला.

मग त्याची नजर टेबलावरच्या दुसऱ्या पाकिटावर गेली. मी ते मुद्दाम ठेवलं नव्हतं, मुद्देमालाच्या नोंदीसाठी आणलं होतं. त्याने टॉवेल खाली घेतला.

"ही... ही गाडीत व्हती?"

"ड्रायव्हरच्या कुलपात. ही नसती तर गाडी बोंबलली असती. तिने बेल्ट लावला असता."

त्याचा चेहरा बघून मला मास्तरची ती खाली गेलेली मान आठवली, आणि तीन दिवस न उलगडलेलं सगळं एका क्षणात उलगडलं.

"मी लावली ती," भाऊ म्हणाला. "श्रावणात आई-आण्णास्नी भीमाशंकरला न्यायला गाडी मागून नेली व्हती दाजींची. घाटात सारकं टिंगटिंग, टिंगटिंग. डोस्कं उठलं. टपरीवरनं यक घेतली आन् खोचली. काढायची ऱ्हायली. सायब, मी... मी मारली का वं तिला?"

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू जात होतं. मास्तर दारात येऊन उभा राहिला.

"नाही साहेब. क्लिप मी आणली होती. यांचा काही संबंध नाही. लिहून घ्या."

"दाजी, खोटं बोलू नका."

"मी आणली. आणि नसती आणली तरी काय?" मास्तरचा आवाज फुटला. "गाडीत बसल्यावर तिनं विचारलं होतं मला, बेल्ट लावू का? मीच म्हटलं, राहू दे. कॅनॉलवर कुठं पोलीस असतात? माझ्या बाजूला क्लिप नव्हती, माझ्याकडचं वाजत होतं, म्हणून मी लावला. आवाज नको म्हणून लावला साहेब, आणि मी जिवंत राहिलो."

सहा दिवस हे दोघे तो मृत्यू दुसऱ्याच्या माथी मारत होते असं मी समजत होतो. आता माझ्यासमोर दोघे तो आपापल्याकडे ओढत होते. मेहुण्याचं नाव निघू नये म्हणून हा माणूस तीन दिवस गुन्हेगारासारखा मान घालून बसला होता, आणि त्या मेहुण्याने बाहेर त्याच्या फाशीच्या घोषणा दिल्या होत्या. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, नोकरीत पहिल्यांदा.

जबाबात खोटं एक अक्षर मी कधी लिहू दिलं नाही. त्या दिवशी मी लिहिलं, "सदर क्लिप कोणी लावली याबाबत निश्चित माहिती मिळून आली नाही." कायद्याने त्या क्लिपला कलम नव्हतं, हे खरं. पण कलम असतं तरी मी तेच लिहिलं असतं. विनापरवाना गाडी चालवू दिल्याबद्दल मास्तरवर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती, आणि त्याने ती लगेच मान्य केली. निघताना मी त्याच्या शर्टाच्या तुटलेल्या बटणाकडे बघत म्हणालो, "मास्तर, माझं चुकलं." आमच्या खात्यात असं म्हणायची पद्धत नाही. त्याने हात जोडले.

आवारात भाऊ मोटारसायकल चालू करून थांबला होता. "दाजी," तो म्हणाला, "बसा. पोरगी वाट बघती." मास्तर मागे बसला आणि ते दोघे मंचरच्या दिशेने गेले.

मी आंब्याखालच्या माझ्या गाडीत जाऊन बसलो आणि क्लिप काढायला गेलो. घट्ट बसली होती, नख तुटलं. काढून फेकली. लोक म्हणतात, पोलिसांनी त्या केसचा छडा लावला. कसला छडा? "कॅनॉलवर कुठं पोलीस असतात?" हे वाक्य मास्तरचं नव्हतं, आम्ही त्याला शिकवलेलं होतं. बेल्ट पोलिसासाठी लावायचा असतो, नाका गेला की सोडायचा असतो, हे आम्हीच पावत्या फाडून आणि स्वतः न लावून लोकांच्या गळी उतरवलं. छातीचा आणि स्टिअरिंगचा हिशेब कुणाला सांगितलाच नाही. तो मलाही आळ्याच्या एका मिस्त्रीने सांगितला.

आता कुठेही निघालो की गाडी सुरू केल्याबरोबर टिंगटिंग सुरू होतं. शेजारी बसलेली बायको म्हणते, लावा की पटकन, कान किटले. मी लावतो. पण आधी थोडा वेळ तो आवाज तसाच वाजू देतो. त्या बाईच्या गाडीत तो वाजला नाही.